पावसाळ्यात पळणारा पट्टा : खानापुरातील एका घरगुती बेल्ट सँडरचे प्रकरण

हे प्रकरण बेळगाव जिल्ह्यातील खानापूर येथील सुतारकामाच्या एका लहान कारखान्याचे आहे. मालक, त्यांचा पुतण्या आणि दोन कारागीर एवढ्या माणसांवर तेथे पाट, चौरंग, पोळपाट आणि लहान देव्हारे तयार होतात. बराचसा माल बेळगावच्या बाजारात जातो, थोडा गोव्यात उतरतो. या मालाचा खरा हंगाम गणेश चतुर्थीच्या आधीचा, म्हणजे ऐन पावसाळ्याचा असतो. पुढील सगळ्या घोटाळ्याच्या मुळाशी हीच गोष्ट असल्याने ती आधीच नोंदवून ठेवतो. माझा संबंध यंत्रदुरुस्ती करणारा म्हणून आला. कारखान्यात घरीच बनवलेला एका जागी बसवायचा बेल्ट सँडर, म्हणजे घासकागदासारखा खरखरीत पट्टा फिरवून लाकूड घासणारे यंत्र, उन्हाळ्यात बरा चालला आणि मृगाचा पाऊस सुरू झाल्यावर बिघडला, तो का, हे पाहण्यासाठी मला बोलावण्यात आले होते.

यंत्राची गरज खरी होती. पाटाची वरची बाजू रंध्याने सपाट करता येते. परंतु चौरंगाच्या पायांची आडवी कापलेली टोके, पोळपाटाची गोल कड आणि पाटाखालच्या पट्ट्यांच्या कडा यांचे घासकाम हाताने करू लागल्यास एका माणसाचा दिवस त्यातच जातो. आधी हातात धरायचे छोटे बेल्ट सँडर उलटे करून बाकाला शिकंज्यात आवळून वापरले जात असे. त्या यंत्रांतील कार्बन ब्रशची मोटार तासन्‌तास सलग चालण्यासाठी केलेली नसते. ती तापते, ब्रश लवकर झिजतात आणि पट्टा अरुंद असल्यामुळे रुंद फळीवर पन्हळी पडतात. तयार यंत्र बाजारात मिळते हे मालकांना ठाऊक होते. पण मसाला कांडपाच्या बंद पडलेल्या यंत्राची १ अश्वशक्तीची सिंगल फेज मोटार घरात होती, अँगलचे तुकडे पडून होते आणि वेल्डिंग करणारा शेजारीच होता. अशा ठिकाणी यंत्र विकत घेण्याचा सल्ला कोणी ऐकत नाही, आणि मलाही तो द्यावासा वाटला नसता.

पहिली बांधणी

पहिल्या यंत्रातील एक निर्णय फार चांगला होता. सांगाडा आधी जोडून मग त्यावर बसेल असा पट्टा शोधत फिरण्याऐवजी मालकांनी आधी बाजारात सहज मिळणारा १५० मिमी रुंद आणि १२२० मिमी लांब पट्टा निवडला आणि त्यावरून बाकीची मापे काढली. पट्टा ज्या दोन गोल रुळांवर फिरतो ते ड्रम १०० मिमी व्यासाचे धरले, तर पट्ट्याचा साधारण ३१४ मिमी भाग दोन ड्रमांच्या अर्ध्या-अर्ध्या परिघावर बसतो. उरलेल्या ९०६ मिमीचे निम्मे म्हणजे ४५३ मिमी हे दोन शाफ्टच्या (ड्रमांच्या आसांच्या) मध्यांमधील अंतर. पट्टा चढवता-उतरवता यावा म्हणून पुढचा ड्रम १५ मिमी आत येईल अशी सोय हवी. ड्रम जेवढा सरकतो त्याच्या दुप्पट ढिलाई पट्ट्यात येते, त्यामुळे एवढे अंतर पुरते. हा हिशेब त्यांनी प्लायच्या तुकड्यावर पेन्सिलीने मांडलेला मी पाहिला आणि तो बरोबर होता.

ड्रम मात्र त्यांनी सागवानाचे केले. सुताराने ड्रम लाकडाचा करावा यात नवल नाही. घरात कातकामाचा लेथ आहे, सागवान हाताशी आहे आणि उन्हाळ्यात कातलेला सागवानी ड्रम दिसायला इतका सुरेख असतो की त्यावर शंका घेण्याचे कारणच सुचत नाही. पट्टा मधोमध राहावा म्हणून ड्रम मध्यभागी फुगीर ठेवावा लागतो हेही त्यांनी ऐकलेले होते, म्हणून दोन्ही ड्रमांना नजरेने पोट दिले होते. शाफ्ट लाकडातून आरपार घालून दोन्ही तोंडांना लोखंडी चकत्या स्क्रूने आवळल्या होत्या.

यंत्र उन्हाळाभर चालले. पाऊस लागल्यावर पंधरवड्यातच पट्टा एका बाजूला सरकू लागला, सांगाड्याला घासून त्याची कड फाटू लागली आणि फणसाच्या फळ्यांवर बारीक आडव्या रेघा उमटू लागल्या. या रेघा कोरड्या लाकडावर दिसत नाहीत, पॉलिशचा पहिला हात पडल्यावर उठून दिसतात, आणि तोपर्यंत माल गिऱ्हाइकाच्या दारात गेलेला असतो. आधी पट्ट्याचा जोड खराब आहे असे समजून पट्टे बदलण्यात आले. मग मोटारीच्या बेअरिंगवर संशय गेला. पुतण्याने स्प्रिंग आवळून ताण वाढवला, तेव्हा पट्टा सरकायचा थोडा थांबला खरा, पण रेघा आणखी ठळक झाल्या आणि जोड तुटू लागले. मी पोहोचलो तेव्हा त्याचे पहिले वाक्य असे होते, “काका, पट्टा आपसूक डावीकडं सरकायलाय बघा, आणि ह्यो स्क्रू फिरवला की उजवीकडं पळतोय. मध्ये थांबतच नाही.”

तपासणी

यंत्र चालू असताना त्यातून दोन वेगळे आवाज येत होते : एक ठक-ठक असा सुटा ठोका आणि त्याखाली एक सलग घरघर. हे दोन आवाज वेगळे ओळखणे हा निदानाचा अर्धा भाग आहे. मोटार मिनिटाला १४४० फेऱ्यांची, तिच्यावर १२५ मिमीची पुली आणि ड्रमाच्या शाफ्टवर ७५ मिमीची. म्हणजे ड्रम मिनिटाला २४००, सेकंदाला ४० फेरे घेतो. १०० मिमी व्यासाच्या ड्रमावर पट्ट्याचा वेग त्यामुळे सेकंदाला सुमारे १२.५ मीटर होतो, आणि १२२० मिमीचा पट्टा सेकंदाला साधारण १० वेळा पूर्ण फिरतो. जोडाचा ठोका म्हणून सेकंदाला १० वेळा पडेल. ड्रम मध्यापासून सरकलेला असेल तर धक्का सेकंदाला ४० वेळा बसेल; आणि ड्रम लंबगोल झाला असेल तर एका फेऱ्यात दोन उंचवटे येत असल्यामुळे ८० वेळा.

कानाने ४० आणि ८० यांतील फरक सांगण्याचा दावा मी करणार नाही, पण फळीवरच्या रेघा तो सांगतात. फळी पट्ट्यावरून सेकंदाला साधारण ८ सेंटिमीटर सरकवली तर जोडाच्या खुणा ८ मिमी अंतराने पडायला हव्यात, सरकलेल्या ड्रमाच्या २ मिमीने आणि लंबगोल ड्रमाच्या १ मिमीने. बिघडलेल्या फळ्यांवरील रेघा तिरप्या उजेडात पट्टी लावून पाहिल्या, तर त्या मिलिमीटरच्या आसपास होत्या. जोड निर्दोष होता. बदललेले पट्टे विनाकारण बदलले गेले होते.

नंतर वीज बंद करून, प्लग काढून, पट्टा उतरवला आणि सांगाड्यावर टेकवून स्थिर धरलेला खडू मागच्या ड्रमाला जेमतेम लागेल इतका जवळ आणून ड्रम हाताने फिरवला. खडूची खूण समोरासमोर दोन ठिकाणी उमटली, मधल्या दोन बाजू कोऱ्या राहिल्या. म्हणजे ड्रम लंबगोल. पुढच्या ड्रमावर खूण एकाच बाजूला, लांबलचक उमटली. तो लंबगोल तर होताच, शिवाय चकत्यांचे स्क्रू ओल्या लाकडात सैल पडल्यामुळे शाफ्टवरून सरकलाही होता. लेथवाल्याकडून आणलेला डायल, म्हणजे बारीक फरक सुईने दाखवणारे मापयंत्र, लावल्यावर मागच्या ड्रमाचा फरक अर्ध्या मिलिमीटरच्या वर भरला.

कारण लाकडाच्या स्वभावात आहे. लाकूड ओलावा घेते तेव्हा वर्षवलयांच्या रेषेत ते जेवढे फुगते, त्याच्या साधारण निम्मेच मध्यापासून बाहेरच्या दिशेने फुगते. लांबीत तर जवळजवळ नाहीच. सागवान या बाबतीत इतर बऱ्याच लाकडांपेक्षा शांत आहे, म्हणूनच दारे-खिडक्यांना ते चालते. तरीही खानापुरातील उन्हाळ्याच्या आणि आषाढाच्या हवेमुळे लाकडातील ओलाव्यात ५-६ टक्क्यांचा फरक पडला, तर १०० मिमीच्या सागवानी ड्रमाचा एका दिशेचा व्यास १ मिमीच्या थोडा वर आणि दुसऱ्या दिशेचा अर्धा मिमी वाढतो, म्हणजे ड्रम सुमारे अर्धा मिमी लंबगोल होतो. चौकटीत हा फरक कोणाला दिसणारही नाही, पण सेकंदाला ४० फेरे घेणाऱ्या ड्रमावर तेवढा फरक घातक आहे. बेळगावच्या पूर्वेला, गोकाक-सौंदत्तीच्या कोरड्या पट्ट्यात हेच यंत्र कदाचित वर्षभर चालले असते; कणकुंबी-जांबोटीच्या पावसाच्या उंबरठ्यावर ते चालणे शक्य नव्हते.

पट्टा मध्ये का थांबत नव्हता, याचे उत्तरही ड्रमातच होते. फुगीर ड्रमावर पट्टा मध्यभागी राहतो हे बहुतेकांना माहीत असते, पण तो खाली घसरण्याऐवजी उंचवट्याकडे चढतो हे प्रथम ऐकताना उलटे वाटते. पट्ट्याची जी कड मोठ्या व्यासावर असते ती जास्त ताणली जाते. त्यामुळे पट्टा आपल्याच पातळीत किंचित वाकतो आणि ड्रमावर येणारा पुढचा भाग आधीच्यापेक्षा थोडा अधिक उंचवट्याच्या बाजूला टेकतो. प्रत्येक फेऱ्यात असे होत होत पट्टा सर्वांत मोठ्या व्यासापर्यंत पोहोचतो, आणि तेथे दोन्ही बाजूंची ओढ सारखी झाल्यामुळे थांबतो. याचा अर्थ असा की सर्वांत मोठा व्यास जेथे असेल तेथे पट्टा जाणार, मग तो ड्रमाच्या मध्यभागी असो वा नसो. या यंत्रात दोन्ही ड्रमांना पोट होते, ते नजरेने दिलेले असल्यामुळे ३ मिमीपर्यंत गेलेले होते, आणि लाकूड फुगल्यानंतर दोन्ही ड्रमांचे उंचवटे समोरासमोर राहिले नव्हते. पट्टा दोन धन्यांच्या चाकरीत होता. जास्त पोटाचा आणखी एक तोटा आहे : घासकामाचा कापडी पट्टा फारसा ताणत नाही, त्यामुळे मध्यभागी तो टणक आणि कडांना ढिला राहतो, फळीला मध्ये पन्हळ पडते आणि कडा अर्धवट घासल्या जातात.

बिडाचे ड्रम

दुरुस्तीचा प्रश्न एवढाच उरला की ड्रम कशाचे करायचे. नायलॉनचा गोल दांडा घेऊन तो कातणे हा एक मार्ग होता. नायलॉनही ओलावा घेते आणि घर्षणाच्या उष्णतेने वाढते, शिवाय त्या जाडीचा दांडा स्वस्त नाही. लोखंडी पाइपाच्या दोन्ही तोंडांना चकत्या वेल्ड करून, शाफ्ट घालून तो लेथवर कातणे हा बहुतेक वर्कशॉपमधील रुळलेला मार्ग आहे आणि घाई असेल तर मी तोच सुचवला असता. परंतु बेळगावची उद्यमबाग ही औद्योगिक वसाहत फार लांब नाही, तेथे ओतकामाचे कारखाने आहेत, आणि ओतकामाला जो लाकडी पॅटर्न (वाळूत साचा उठवायचा नमुना) लागतो तो करणारा माणूस या प्रकरणात घरचाच होता. जे सागवान ड्रम म्हणून टिकले नाही, तेच पॅटर्न म्हणून उत्तम चालणार होते. वाळूत साचा उठवण्यापुरतेच त्याचे माप स्थिर राहायला हवे होते.

पॅटर्नचे माप ठरवताना दोन वाढी धराव्या लागतात. बीड (ओतीव लोखंड) थिजून थंड होताना साधारण १ टक्का आकसते, आणि लेथवर कातण्यासाठी सर्व बाजूंनी ३ मिमी माल शिल्लक हवा. तयार ड्रम १०० मिमी व्यासाचा आणि १५५ मिमी लांबीचा हवा असल्यामुळे पॅटर्न १०७ मिमी व्यासाचा आणि १६३ मिमी लांबीचा झाला. आतून पोकळी ठेवण्यासाठी दोन्ही बाजूंनी कोअर (साच्यात ठेवायचे वाळूचे गाभे), मध्ये एक पडदा आणि त्याला शाफ्टसाठी हब (शाफ्ट बसतो तो जाड भाग) अशी रचना केली. भरीव ओतला असता तर एकेक ड्रम ८ किलोच्या वर गेला असता, पोकळ केल्यावर तो निम्म्यावर आला. मालकांनी पॅटर्न उभा चिरून दोन अर्धुकांत केला, अर्धुके खुंट्यांनी जुळवली आणि त्यावर शेलॅकचे हात दिले. रंध्याच्या माणसाचे ते काम पाहून ओतकामवाल्याने दुसरा प्रश्न विचारला नाही. एकाच पॅटर्नवरून दोन्ही ड्रम ओतले गेले. सोबत दिलेल्या कागदावर शब्द कमी आणि मिलिमीटरचे आकडे जास्त ठेवले होते, कारण लेथवर बसणारे मेस्त्री कानडी, ओतकामावरचा माणूस मराठी आणि हिशेब ठेवणारा आणखी तिसऱ्याच गावचा होता. बेळगावात हे नेहमीचेच आहे आणि त्यामुळे कोणाचे काही अडत नाही.

लेथकामात एकच अट आम्ही धरून बसलो होतो. ड्रम आधी चकमध्ये (लेथच्या जबड्यात) धरून बाहेरून कातायचा आणि मग त्याला भोक पाडून शाफ्ट ठोकायचा, हा क्रम चालणार नव्हता. आधी भोक, मग त्यात २५ मिमीचा शाफ्ट दाबून घट्ट बसवायचा, आणि शेवटचा हात शाफ्टची दोन्ही टोके लेथच्या सेंटरवर (टोकदार खुंट्यांवर) धरून द्यायचा. असे केल्याने ड्रमाचा पृष्ठभाग ज्या अक्षावर प्रत्यक्ष फिरणार त्याच अक्षावर कातला जातो, आणि भोक थोडे तिरपे गेले असले तरी त्याचा दोष पृष्ठभागावर उतरत नाही. डायल लावल्यावर सुई जेमतेम हलली.

पुढच्या, म्हणजे ताणाच्या ड्रमाला मध्ये १०० आणि दोन्ही कडांना ९९ मिमी असे पोट दिले. मध्यापासून कडेपर्यंत ७५ मिमीत अर्धा मिमी एवढाच उतार. मागचा, म्हणजे मोटारीने फिरणारा ड्रम पूर्ण सरळ ९४ मिमी व्यासाचा कातून त्यावर ३ मिमी जाडीचे रबर चिकटवले आणि तो पुन्हा सेंटरवर धरून रबर हलक्या हाताने समान करून घेतले. रबरामुळे पट्टा घसरत नाही, म्हणून ताण कमी ठेवता येतो, आणि ताण कमी असला की जोड टिकतो. पोट एकाच ड्रमाला ठेवल्यामुळे पट्ट्याला एकच धनी उरला.

ड्रम तोलून घेणेही आवश्यक होते. लेव्हल केलेल्या दोन सपाट पट्ट्यांवर शाफ्टची टोके ठेवून ड्रम हळूच सोडला की जड बाजू खाली येऊन थांबते. त्या बाजूला आतून ड्रिलने थोडा माल काढायचा आणि ड्रम कोठेही थांबेल तोपर्यंत हे करत राहायचे. मध्यापासून ५० मिमीवर १० ग्रॅम जादा असतील तर २४०० फेऱ्यांना त्या १० ग्रॅमची ओढ सुमारे ३ किलो वजनाइतकी होते, आणि ती सेकंदाला ४० वेळा दिशा बदलते. ओतीव ड्रमात ही पायरी गाळणे परवडत नाही.

पट्टा वळवण्याची सोय

जुन्या यंत्रात पुढच्या ड्रमाची दोन्ही बेअरिंगे वेगवेगळ्या स्क्रूंनी मागेपुढे होत. एक स्क्रू फिरवला की ताणही बदलायचा आणि दिशाही. त्यामुळे पट्टा सरळ करायला गेले की तो ढिला पडायचा. नव्या रचनेत ही दोन कामे वेगळी केली. दोन्ही पेडस्टल (स्वतःच्या पायावर बोल्टने बसणारी) बेअरिंगे एका ८ मिमी जाड पट्टीवर कायमची बसवली. ती पट्टी मध्यावर एकाच बोल्टभोवती किंचित फिरू शकते, आणि तिच्या एका टोकाला बारीक आट्यांचा स्क्रू व त्यासमोर स्प्रिंग आहे. ही झाली दिशा. पट्टी ज्या सरकत्या पाटावर आहे त्याला मागून वेगळी दाबाची स्प्रिंग ढकलते. तो झाला ताण. २५ मिमी शाफ्टसाठीचे यूसीपी २०५ जातीचे पेडस्टल बेअरिंग आतून गोलाकार बैठकीचे असल्यामुळे जोडणीतला थोडा तिरपेपणा ते स्वतः सामावून घेते, म्हणून येथे तेच योग्य ठरले. धूळ आत जाऊ नये यासाठी त्याला रबरी सील असलेले घ्यावे.

दिशेचा स्क्रू कोणत्या बाजूला फिरवल्यावर पट्टा कोणीकडे जातो हे चालू यंत्रावर शिकू नये. पट्टा हाताने फिरवत, स्क्रूला पाव फेरा देत ते पाहून घेतले आणि स्क्रूशेजारी रंगाने बाण काढून ठेवला. मोटार प्रथम क्षणभरच चालू करून बंद केली. पट्टा मधोमध उभा राहिल्यावर पुतण्या बराच वेळ काही न करता त्याच्याकडे पाहत राहिला. मग त्याने मुद्दाम एक फणसाचा तुकडा कडेला दाबून धरला आणि पट्टा बाजूला सरकून पुन्हा मध्ये येतो की नाही हे तपासले. ही परीक्षा मला सुचली नव्हती.

बाकी जोडणी

घासताना वरची बाजू ताठ राहावी म्हणून ओढणारा ड्रम पट्टा जिकडे धावतो त्या टोकाला असावा लागतो. लाकूड अडवणारी आडवी पट्टीही त्याच टोकाला, पट्ट्यापासून २ मिमीच्या आत बसवली. अंतर याहून जास्त ठेवल्यास पोळपाटाची पातळ कड त्यात ओढली जाते आणि तिच्यामागून बोटे. पट्ट्याखालची सपाट पोलादी प्लेट दोन ड्रमांना जोडणाऱ्या रेषेपेक्षा दीड मिमी वर उचलली, त्यामुळे ड्रमाच्या पोटाचा परिणाम फळीपर्यंत येत नाही. प्लेटवर ग्रॅफाइटचे कापड चिकटवले आहे. ते नसेल तर पट्ट्याची पाठ तापून जोडाचा डिंक सुटतो.

१ अश्वशक्ती कमी पडेल का, असा प्रश्न मालकांचा होता. सेकंदाला १२.५ मीटर वेगाला १ अश्वशक्तीची ओढ सुमारे ६० न्यूटन, म्हणजे ६ किलो वजनाइतकी भरते आणि प्रत्यक्षात त्यातले काही बेअरिंगांत व मोटार ड्रमाला जोडणाऱ्या व्ही-बेल्टमध्ये जाते. पाटाचे पाय आणि पोळपाट यांना हे पुरते. रुंद फळीवर दोन्ही हातांनी भार देऊन दाबणाऱ्याला मोटार दबलेली ऐकू येईल, आणि ते ऐकून त्याने हात हलका करावा हेच बरे, कारण दाबल्याने पट्टा लवकर कापत नाही, लाकूड जळते. वीज गेल्यावर यंत्र आपोआप बंद होऊन वीज आल्यावर स्वतःहून सुरू होणार नाही, असा नो-व्होल्ट कॉइलचा स्टार्टर लावला. पावसाळ्यात वीज जाते-येते, आणि अशा वेळी माणूस पट्ट्यावर हात टेकवून उभा असतो.

धुळीविषयी मात्र जरा वाद झाला. सागवानाच्या धुळीची सवय असते असे कारागिरांचे म्हणणे होते. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने १९९५ साली प्रसिद्ध केलेल्या खंडात लाकडाच्या धुळीला माणसात निश्चित कर्करोग करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात घातले आहे. त्यात नाकाच्या पोकळीचा कर्करोग मुख्य. सवयीचा येथे काही उपयोग नाही. धूळ सर्वाधिक फेकली जाते ती पट्टा मागच्या ड्रमावरून खाली वळतो तेथे, म्हणून तेथेच पत्र्याचे तोंड करून १०० मिमीचा पाइप जोडला. लाकडाची धूळ पाइपात न बसता वाहत राहण्यासाठी हवेचा वेग सेकंदाला २० मीटरच्या आसपास लागतो. १०० मिमीच्या पाइपाला त्यासाठी तासाला सुमारे ५६५ घनमीटर हवा ओढणारा पंखा हवा. घरगुती व्हॅक्यूम क्लीनर त्याच्या जवळपासही जात नाही. पंखा घेतला, तरीही मास्क लावण्याचा नियम ठेवला. सांगाड्याला आणि पाइपाभोवती गुंडाळलेल्या तारेला अर्थिंग दिले.

याच संदर्भात एक सवय मोडावी लागली. पुतण्या याच पट्ट्यावर पटाशीला धार लावत असे. लोखंडाच्या ठिणग्या सागवानाच्या बारीक धुळीच्या पिशवीत ओढल्या गेल्या, तर ती आत धुमसत राहते आणि रात्री कारखाना बंद असताना पेट घेते. धारेसाठी आता दुसऱ्या कोपऱ्यात स्वतंत्र ग्राइंडर आहे. जुन्या घरांच्या तुळयांतून आलेल्या सागवानात खिळ्यांची मोडकी टोके असतात, तीही पट्टा फाडतात आणि ठिणगी पाडतात. त्यासाठी बिघडलेल्या स्पीकरचा चुंबक दोरीला बांधून प्रत्येक फळीवरून फिरवला जातो, आणि जेथे तो थबकतो तेथे पटाशी चालते.

वापरातील अनुभव

नव्या ड्रमांवर यंत्राने पुढचा पावसाळा काढला. पट्टा कडेला घासून फाटण्याचे थांबले. आता पट्टा झिजतो तो दाणे बोथट झाल्यामुळे किंवा भरून आल्यामुळे. सागवानात सिलिका असते, ती दाणे लवकर बोथट करते; फणसाचा चीक आणि सागवानाचे तेल दाण्यांमध्ये बसते. त्यासाठी दाणे विरळ पेरलेला पट्टा घेणे आणि तो अधूनमधून क्रेप रबराच्या तुकड्याने साफ करणे हे दोन उपाय आहेत. जुन्या बुटाचा क्रेप तळवा यासाठी चालतो आणि कारखान्यात तोच वापरतात. सध्या मुख्यतः ६० आणि १२० नंबरचे पट्टे वापरात आहेत; नंबर जेवढा मोठा तेवढे दाणे बारीक. पट्ट्यांची घडी घालून ठेवण्याची पद्धत बंद केली, कारण घडीच्या रेषेवर दाणे सुटतात. पावसाळ्यात ते भिंतीपासून दूर, जाड गोल दांड्यावर लटकवलेले असतात. जोडावर बाण छापलेला असेल तर पट्टा त्याच दिशेने चढवायचा, उलटा चढवलेला तिरपा जोड लाकडाच्या कडेला अडकून उचकटतो.

खर्चात मोटार घरची होती, त्यामुळे सर्वांत मोठा आकडा धूळ ओढणाऱ्या पंख्याचा झाला आणि त्याखालोखाल बेअरिंगांचा. दोन ड्रमांचे ओतकाम आणि लेथकाम मिळून बेअरिंगांच्याही खाली राहिले. हंगामात वाया गेलेले पट्टे आणि परत आलेले चौरंग यांच्याशी तुलना केली, तर लाकडी ड्रमांनी वाचवलेले पैसे पहिल्याच पावसात गेले होते, हे मालक स्वतःच सांगतात.

एक अडचण अजून शिल्लक आहे. देव्हाऱ्याच्या कळसासाठी शिसवाचे लहान तुकडे १८० नंबरच्या पट्ट्यावर धरले की ते काळवंडतात. या वेगाला बारीक दाण्याचा पट्टा लाकूड कापण्याऐवजी तापवतो. वेग कमी करण्यासाठी मोटारीवर आणि ड्रमावर दोन्हीकडे १०० मिमीच्या पुल्या चढवल्या, तर ड्रम १४४० फेऱ्यांवर आणि पट्टा सेकंदाला साडेसात मीटरवर येतो. १२५ आणि ७५ यांची बेरीज तसेच १०० आणि १०० यांची बेरीज सारखीच असल्यामुळे व्ही-बेल्टच्या लांबीत पडणारा फरक एक-दोन मिलिमीटरचाच आहे, आणि तेवढा मोटार तिच्या खाचांत सरकवून भरून निघतो. नवा व्ही-बेल्ट घ्यावा लागणार नाही. त्या मापाच्या दोन बिडाच्या पुल्या मालकांनी आणून ठेवल्या आहेत, पण चतुर्थीचा माल बाहेर पडेपर्यंत यंत्राला कोणी हात लावायचा नाही असा त्यांचा हुकूम आहे.